रिपोर्टवर ‘क्रॉनिक गॅस्ट्रायटिस’ आलंय? जठरात ॲसिड कमी बनणारे प्रकार कसे ओळखायचे

कोल्हापुरात पोटाचं काहीही दुखणं असू दे, घरच्या घरी दोनच निदानं होतात, पित्त झालंय नाहीतर परवाचा तांबडा रस्सा बाधलाय. मग मेडिकलमधून पॅन्टोप्राझोलची पट्टी येते, सकाळी उपाशीपोटी एक, आणि त्या पट्ट्या वर्षानुवर्षं चालू राहतात. बऱ्याच जणांचं त्यात भागतंयपण. पण काही लोक असे असतात की त्यांच्या जठरात ॲसिड मुळातच कमी बनतंय आणि ते बिचारे ॲसिड कमी करायची गोळी रोज खातायत.

मी इथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. बायोप्सीच्या बाटल्या घ्यायच्या, ब्लॉक बनवायचे, स्लाइड काढायच्या, रिपोर्ट हातात द्यायचा. रिपोर्ट देताना लोक हमखास विचारतात, “दादा, हे क्रॉनिक गॅस्ट्रायटिस म्हणजे काय ओ, कॅन्सर तर नव्हं?” काउंटरवर उभ्या उभ्या हे समजावता येत नाही, मागं रांग असते, म्हणून इथं निवांत लिहितोय. औषध डॉक्टरच देतील, पण आपल्या फाइलमध्ये काय आहे आणि काय राहून गेलंय एवढं आपल्याला कळायला पाहिजे.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे. नुसतं ‘क्रॉनिक गॅस्ट्रायटिस’, म्हणजे जठराची जुनी सूज, हे निदान अर्धवट आहे. जठरात सूज कुठं आहे, कशानं आली, आणि ग्रंथी किती मेल्या, या तीन गोष्टी कळल्या तरच प्रकार ठरतो. आणि ॲसिड वाढणार का घटणार हे त्यातल्या ‘कुठं’वर ठरतं.

आधी जठराचा नकाशा

जठराचे आपल्या कामाचे दोन भाग. वरचा आणि मधला मोठा भाग, म्हणजे फंडस आणि बॉडी. आणि खालचा, आतड्याकडं तोंड असलेला अँट्रम.

बॉडीत पॅरायटल सेल असतात. त्या दोन वस्तू बनवतात, एक हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि दुसरी इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रोटीन, ज्याच्याशिवाय बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जात नाही. त्यांच्या शेजारीच चीफ सेल, त्या पेप्सिनोजेन १ बनवतात. खाली अँट्रममध्ये ‘जी’ (G) नावाच्या सेल असतात, त्या गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन रक्तात सोडतात, आणि गॅस्ट्रिनचं काम म्हणजे वरच्या सेलना हुकूम देणं की ॲसिड सोडा. ॲसिड पुरेसं झालं की गॅस्ट्रिन आपोआप कमी होतं.

आता विचार करा. फक्त बॉडी खराब झाली आणि अँट्रम धडधाकट राहिला तर काय होईल? ॲसिड बनणार नाही, आणि अँट्रम खालून हुकूम सोडतच राहणार, ॲसिड सोडा, ॲसिड सोडा. म्हणजे रक्तात गॅस्ट्रिन भरपूर आणि जठरात ॲसिड नाही. उलट दोन्ही भाग खराब झाले तर हुकूम देणाराही गेला, मग ॲसिड कमी पण गॅस्ट्रिन फारसं वाढलेलं नाही. आणि सूज फक्त अँट्रममध्ये असेल, बॉडी चांगली असेल, तर ॲसिड उलट जास्त बनतं आणि ड्युओडेनल अल्सर, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला जखम, होऊ शकतो. हे कळलं की पुढचे रिपोर्ट बरेचसे स्वतःच बोलायला लागतात.

पहिली पायरी: शंका कधी घ्यायची

अवघड भाग असा की ॲसिड कमी बनण्याच्या या आजाराला स्वतःचं असं ठळक लक्षण नाही. कित्येकांना काहीच होत नाही. काहींना दोन घास खाल्ले की पोट भरतं, जेवल्यावर जड वाटतं, गॅस, ढेकर, मळमळ, आणि ही सगळी लक्षणं ‘ॲसिडिटी’च्या नावावर खपून जातात. म्हणून पोटाकडं बघण्यापेक्षा बाकीच्या अंगाकडं बघा.

सगळ्यात आधी लोह. जेवणातलं लोह शोषायला ॲसिड लागतं. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन कमी आलं की पाळीवर ढकलायचं आणि लोहाच्या गोळ्या द्यायच्या हा आपल्याकडचा रिवाज, आणि बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, किंवा पाळी बंद झालेल्या बाईचं नाहीतर पुरुषाचं लोह कमी येत असेल, तर कारण शोधायलाच पाहिजे. आधी कुठं रक्त जातंय का बघतात, आणि त्याच वेळी जठर शोषण करतंय का हेपण बघायला पाहिजे. या आजारात लोह बहुधा आधी कमी होतं आणि बी-१२ नंतर, कारण लिव्हरमध्ये बी-१२ चा साठा काही वर्षं पुरेल एवढा असतो.

दुसरं बी-१२. इथं कोल्हापूरचा मुद्दा येतो. शाकाहारी माणसाचं बी-१२ कमी आलं तर आहाराचं कारण समोरच असतं, आणि मेटफॉर्मिन किंवा ॲसिडच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही कमी होतं. पण आठवड्यातून दोनदा मटण, रोज अंडं, गंगावेशीत जाऊन कट्ट्यावरचं ताजं दूध पिणारा गडी, आणि त्याचं बी-१२ दीडशेच्या खाली? तिथं थांबून विचार करायला पाहिजे की खाल्लेलं जातंय कुठं.

यावरून एक गोष्ट सांगतो, मला ती लई आवडते. १९२० च्या दशकाच्या शेवटी बॉस्टनमध्ये विल्यम कॅसल नावाच्या डॉक्टरनं पर्निशियस ॲनिमियाच्या (बी-१२ शोषलं न गेल्यानं होणाऱ्या ॲनिमियाच्या) पेशंटना नुसतं मांस खायला दिलं, काही फरक पडला नाही. मग त्यानं स्वतः मांस खाल्लं, थोड्या वेळानं ते आपल्या पोटातून परत बाहेर काढलं, आणि त्या पेशंटना दिलं, नळीवाटे. त्यांचं रक्त वाढायला लागलं. ऐकून शिसारी येते, पण त्यातनं कळलं की निरोगी जठरात असं काहीतरी आहे जे या पेशंटच्या जठरात नाही. तोच इन्ट्रिन्सिक फॅक्टर. म्हणजे ज्याचं जठर गेलंय त्याला “जरा मटण वाढव जेवणात” हा सल्ला उपयोगाचा नाही.

बाकीच्या खुणा पटापट सांगतो. हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, जीभ गुळगुळीत लाल होऊन जळजळणं. थायरॉइडचा आजार, टाइप १ डायबेटिस किंवा कोड असणं, कारण शरीराची रोगप्रतिकारशक्ती एका ठिकाणी स्वतःवर उलटली की दुसरीकडंही उलटू शकते. थायरॉइडवाल्या काकी-मावशींसाठी आणखी एक, थायरॉक्सिनची गोळी नीट शोषायलाही ॲसिड लागतं, त्यामुळं गोळी वेळेवर उपाशीपोटी घेऊनही टीएसएच सारखा वर जात असेल आणि डोस वाढवावा लागत असेल तर डॉक्टरांना विचारा की जठर बघायचं का.

आणि सोडा पिऊन किती मिनिटांत ढेकर येतो बघा, त्यावरून ॲसिड कळतं, असला एक प्रकार व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्याला काही अर्थ नाही. ॲसिड वाढवायच्या बीटेन एचसीएलच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवून घेणं तर त्याहून वाईट, आत अल्सर असेल तर भोगावं लागेल.

दुसरी पायरी: रक्ताच्या टेस्ट

सीबीसीपासून सुरुवात. लोह कमी असलं की रक्तपेशी लहान होतात, एमसीव्ही खाली येतो. बी-१२ कमी असलं की पेशी मोठ्या होतात, एमसीव्ही वर जातो. दोन्ही एकदम कमी असेल तर एमसीव्ही मधेच नॉर्मलला बसतो आणि सगळे म्हणतात बघा नॉर्मल आहे. तिथं आरडीडब्ल्यू बघायचा, लहान-मोठ्या पेशींची खिचडी असली की तो वाढलेला दिसतो. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, सोबत करून घ्या. बी-१२ ची पातळी २०० पिकोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल तर कमतरता धरतात, २०० ते ३०० मधे असेल तर काठावर, तिथं मिथाइलमॅलोनिक ॲसिड किंवा होमोसिस्टीन करून खात्री करतात. महत्त्वाचं म्हणजे बी-१२ चं रक्त इंजेक्शन घ्यायच्या आधी द्या. इंजेक्शन घेऊन आठ दिवसांनी टेस्ट करायला येतात लोक, मग आकडा हजाराच्या वर येतो आणि त्यातनं काहीच कळत नाही.

त्यानंतरच्या टेस्ट खास या आजाराच्या, डॉक्टरांना शंका असली तरच लिहितात:

- पॅरायटल सेल अँटिबॉडी. ऑटोइम्यून प्रकारात, म्हणजे शरीर स्वतःच्याच पॅरायटल सेलवर उलटतं त्यात, बहुतेकांची पॉझिटिव्ह येते, पण थायरॉइडवाल्यांत आणि कधीकधी चांगल्या माणसातही येते, त्यामुळं नुसत्या हिच्यावर शिक्का मारायचा नाही. आणि आजार अगदी जुना झाला, पॅरायटल सेल संपल्या, की ही निगेटिव्हसुद्धा होऊ शकते.
- इन्ट्रिन्सिक फॅक्टर अँटिबॉडी. ही पॉझिटिव्ह आली तर निदान जवळजवळ पक्कं. पण निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं होत नाही, कारण निम्म्याच्या आसपास पेशंटमध्ये ती सापडतच नाही.
- उपाशीपोटी गॅस्ट्रिन. साधारण १०० पिकोग्रॅमच्या आत नॉर्मल धरतात, ऑटोइम्यून प्रकारात ते कित्येक पट वाढतं.
- पेप्सिनोजेन १ आणि २. पेप्सिनोजेन १ फक्त बॉडीतनं येतं, २ मात्र अँट्रममधनंही येतं. बॉडी गेली की १ पडतं, २ तेवढंच राहतं, म्हणून दोघांचा रेशो पडतो. जपानमध्ये पेप्सिनोजेन १ सत्तर नॅनोग्रॅम किंवा खाली आणि रेशो ३ किंवा खाली असला की ॲट्रोफीची, म्हणजे ग्रंथी मेल्याची, शंका घेतात. आपल्याकडं ही टेस्ट बहुतेक लॅब मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवतात, रिपोर्टला वेळ लागतो.

गॅस्ट्रिनबद्दल एक सावधगिरी. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, या सगळ्या पीपीआय गोळ्या ॲसिड बंद करतात म्हणून गॅस्ट्रिन आपोआप वाढतं. म्हणजे गोळी चालू असताना दिलेल्या रक्तात गॅस्ट्रिन वाढलेलं आलं तर ते आजारामुळं का गोळीमुळं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि गॅस्ट्रिन फार वाढलेलं असण्याचं एक अगदी उलटं कारणपण आहे, गॅस्ट्रिन सोडणारी गाठ, झोलिंजर-एलिसन. त्यात गॅस्ट्रिनही जास्त आणि ॲसिडही जास्त. म्हणून गॅस्ट्रिन वाढलं की जठरातल्या रसाचा पीएच बघतात. एंडोस्कोपीच्या वेळी थोडा रस ओढून पट्टीवर टाकला तरी अंदाज येतो. पूर्वी नाकातनं नळी घालून, पेन्टागॅस्ट्रिनचं इंजेक्शन देऊन, दर पंधरा मिनिटांनी रस गोळा करून ॲसिड मोजायचे, आता ते जवळपास कुणी करत नाही.

तिसरी पायरी: एंडोस्कोपीच्या आधी काय बंद करायचं

इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधायचा असेल, श्वासाची टेस्ट असो, शौचातली अँटिजन टेस्ट असो नाहीतर एंडोस्कोपीत केलेली युरिएज टेस्ट असो, तर पीपीआय २ आठवडे आधी बंद हवी आणि अँटिबायोटिक व बिस्मथ ४ आठवडे. नाहीतर जंतू दबून बसतो आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. “अहो पण मी काल फक्त एकच गोळी घेतली” असं लोक सांगतात, एंडोस्कोपीवाल्या डॉक्टरांना तेपण सांगा.

पण स्वतःहून बंद करू नका. ज्यांना अल्सरमधून रक्त गेलंय, जे रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा दुखण्याच्या गोळ्या रोज घेतायत, त्यांना पीपीआय बंद करणं महागात पडू शकतं. फोन करून विचारा, बंद करू का, किती दिवस. मधल्या दिवसांत फार जळजळ झाली तर साधं अँटॅसिड चालतं का तेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या.

चौथी पायरी: दोन बाटल्यांचा आग्रह

हा भाग माझ्या कामाचा आहे म्हणून जरा जास्त बोलणार.

जठरातली बायोप्सी कशी घ्यायची, कशी वाचायची याची जगभर चालणारी पद्धत म्हणजे सिडनी सिस्टिम. १९९० मध्ये सिडनीच्या काँग्रेसमध्ये मांडली, १९९४ मध्ये ह्यूस्टनला बसून सुधारली, १९९६ मध्ये छापून आली. तिच्यात पाच तुकडे सांगितलेत: अँट्रममधनं दोन, जठराचं वळण असतं त्या इन्सिझुरामधनं एक, बॉडीतनं दोन. अँट्रम आणि इन्सिझुरा एका बाटलीत, बॉडीचे दुसऱ्या बाटलीत, दोन्ही बाटल्यांवर जागा लिहिलेली.

प्रत्यक्षात काय येतं? कित्येकदा एकच बाटली, आत दोन कण, लेबलवर ‘गॅस्ट्रिक बायोप्सी’. घाईत असतात, पेशंटचा खर्च वाचवायचा असतो, दोन बाटल्या म्हणजे बिल वाढतं, हे सगळं खरं आहे. पण फक्त अँट्रमचा तुकडा आला तर ऑटोइम्यून प्रकार सापडणारच नाही, कारण त्यात अँट्रम चांगला असतो, आजार वर बॉडीत बसलेला. रिपोर्ट येणार ‘माइल्ड क्रॉनिक गॅस्ट्रायटिस’, पेशंट खूश, आणि लोहाच्या गोळ्या चालू राहणार.

दुसरी भानगड याहून बारीक आहे. बॉडीतल्या ग्रंथी मेल्या की त्यांच्या जागी अँट्रमसारख्या दिसणाऱ्या ग्रंथी उगवतात, त्याला स्यूडोपायलोरिक मेटाप्लेझिया म्हणतात. बाटलीवर जागा लिहिलेली नसेल तर आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम मायक्रोस्कोपखाली बघून म्हणतील हा अँट्रमचा तुकडा दिसतोय, आणि निदान हातातनं निसटलं. लेबलवर ‘बॉडी’ लिहिलं असेल तर त्या लगेच म्हणतील की बॉडीतनं आलाय आणि पॅरायटल सेल दिसत नाहीत, थांबा. मग गॅस्ट्रिनचा स्टेन, म्हणजे खास रंग, लावतात. अँट्रम असेल तर ‘जी’ (G) सेल रंगतात, बॉडी असेल तर काहीच रंगत नाही.

म्हणून एंडोस्कोपीच्या आधी डॉक्टरांना शांतपणे म्हणा, “सर, ॲनिमियासाठी बघताय ना, मग बॉडी आणि अँट्रमची बायोप्सी वेगळी घेणार काय?” राजारामपुरीतल्या दवाखान्यात असा नाहीतर सीपीआर सरकारी हॉस्पिटलमध्ये, हे विचारण्यात काही वावगं नाही.

एंडोस्कोपीत डोळ्यालाही काही दिसतं. बॉडीच्या घड्या गेलेल्या, अस्तर फिकट, खालच्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसणाऱ्या. जपानी डॉक्टर किमुरा आणि ताकेमोतो यांनी १९६९ मध्ये ॲट्रोफी खालनं वर कुठपर्यंत चढलीय यावर सी-१ ते सी-३ आणि ओ-१ ते ओ-३ असे टप्पे पाडले, काही रिपोर्टवर ते लिहिलेले असतात, आकडा आणि अक्षर जसं पुढं जाईल तशी ॲट्रोफी जास्त पसरलेली. नुसतं ‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’ लिहिलेलं मात्र फार मनावर घेऊ नका, लालसर दिसलं की लिहितात, खरं बायोप्सीत कळतं.

पाचवी पायरी: बायोप्सी रिपोर्ट ओळीनं वाचा

सिडनी पद्धतीत पाच गोष्टींना नाही, माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर अशी पायरी देतात. न्यूट्रोफिल म्हणजे सूज आत्ता पेटलेली आहे का, रिपोर्टात याला ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणतात. लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा सेल म्हणजे जुनी सूज. ॲट्रोफी म्हणजे ग्रंथी किती गेल्या. इन्टेस्टायनल मेटाप्लेझिया म्हणजे जठराच्या अस्तराच्या जागी आतड्यासारखं अस्तर. आणि पाचवं हेलिकोबॅक्टर, त्यासाठी आम्ही बहुतेकदा गिम्साचा स्टेन लावतो.

‘क्रॉनिक’ शब्दाला घाबरू नका, त्याचा अर्थ फक्त जुनी सूज. ‘ॲट्रोफी’ आणि ‘मेटाप्लेझिया’ या दोन शब्दांपाशी थांबा, ते कुठल्या भागात लिहिलेत बघा. ‘डिस्प्लेझिया’ (कॅन्सरच्या आधीचा पेशींतला बदल) लिहिलं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं जा.

सहावी पायरी: आता प्रकार लावा

क्रॉनिक गॅस्ट्रायटिसच्या प्रकारांना टाइप ए आणि टाइप बी म्हणतात, ही नावं १९७३ ची, मेलबर्नच्या स्ट्रिकलंड आणि मॅके यांनी दिलेली. योगायोग बघा, वर्गीकरण मेलबर्नचं, बायोप्सीची पद्धत सिडनीची, आणि हेलिकोबॅक्टर शोधणारे मार्शल आणि वॉरेन पर्थचे. जठराच्या बाबतीत ऑस्ट्रेलियानं मैदान मारलंय.

*टाइप ए, ऑटोइम्यून.* शरीर स्वतःच्याच पॅरायटल सेलवर हल्ला करतं. सूज आणि ॲट्रोफी फंडस-बॉडीत, अँट्रम जवळजवळ नॉर्मल. पॅरायटल सेल अँटिबॉडी पॉझिटिव्ह, गॅस्ट्रिन खूप वाढलेलं, पेप्सिनोजेन १ आणि रेशो पडलेला, ॲसिड अगदी कमी किंवा शून्य. लोह आधी, बी-१२ नंतर कमी. बायकांमध्ये जास्त. वाढलेल्या गॅस्ट्रिनमुळं ईसीएल नावाच्या पेशी वर्षानुवर्षं चेतवल्या जातात आणि त्यातनं बारक्या न्यूरोएन्डोक्राइन गाठी होऊ शकतात, रिपोर्टवर ‘टाइप १ एनईटी’ किंवा जुन्या भाषेत कार्सिनॉइड. नाव ऐकून घरात रडारड होते, पण या प्रकारातल्या गाठी बहुतेक लहान आणि सावकाश वाढणाऱ्या असतात. पर्निशियस ॲनिमिया हा याच आजाराचा शेवटचा टप्पा.

*टाइप बी, हेलिकोबॅक्टरचा.* भारतात हा जंतू घरोघरी, बहुतेकांना लहानपणीच लागतो. पण सगळ्यांचं जठर सारखं वागत नाही. ज्यांची सूज अँट्रममध्येच राहते त्यांचं ॲसिड जास्त, आपल्या लेखाचा विषय ते नाहीत. ज्यांची सूज हळूहळू वर चढत बॉडीत जाते, ठिगळाठिगळानं ग्रंथी मरतात, त्यांचं ॲसिड कमी होतं. याला मल्टिफोकल ॲट्रोफिक गॅस्ट्रायटिस म्हणतात. ॲट्रोफी अँट्रममध्येही आणि बॉडीतही, अँटिबॉडी सहसा निगेटिव्ह, गॅस्ट्रिन टाइप ए एवढं चढत नाही. कॅन्सरची काळजी खरी इथं. कोरेया यांनी मांडलेली साखळी अशी की जुनी सूज, मग ॲट्रोफी, मग मेटाप्लेझिया, मग डिस्प्लेझिया, मग कॅन्सर. प्रत्येक जण शेवटपर्यंत जात नाही, बहुतेक जण जातच नाहीत, पण १९९४ मध्येच आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेनं या जंतूला पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्यांत टाकलंय.

आणि एक चकवा. ग्रंथी फार गेल्या, ॲसिड संपलं की तिथं हेलिकोबॅक्टरलाही राहवत नाही, तो निघून जातो. त्यामुळं बायोप्सीत जंतू दिसला नाही म्हणजे आजार त्याच्यामुळं नव्हता असं नाही, घर जाळून चोर पळालेला असू शकतो. अशा वेळी रक्तातली अँटिबॉडी टेस्ट जुन्या संसर्गाचा पुरावा म्हणून थोडी उपयोगी पडते.

*मिश्र.* काहींच्यात दोन्ही असतं, अँटिबॉडी पण पॉझिटिव्ह आणि जंतूपण. तिथं आधी जंतू मारून नंतर परत बघतात.

*टाइप सी, केमिकल.* दुखण्याच्या गोळ्या, पित्त उलटं जठरात येणं, जठराचं जुनं ऑपरेशन. यात सूज कमी आणि अस्तर वळ्यावळ्यांचं दिसतं, ॲसिड कमी असणं हे याचं लक्षण नाही. कंबरदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक खाणाऱ्यांचा रिपोर्ट बहुतेक असा येतो.

याशिवाय लिम्फोसायटिक, इओसिनोफिलिक, ग्रॅन्युलोमॅटस असे क्वचित दिसणारे प्रकार आहेत. ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचा गोळा) आला तर आपल्याकडं टीबी आणि क्रोन्स हा आतड्याचा आजार दोन्ही तपासायला लागतात, तेवढं लक्षात ठेवा.

आणि पाचवा गट कुठल्याच पुस्तकात नाही पण काउंटरवर सगळ्यात जास्त दिसतो, तो म्हणजे ग्रंथी ठणठणीत, ॲसिड फक्त गोळीनं बंद. बायोप्सीत पॅरायटल सेल उलट फुगलेल्या दिसतात, गॅस्ट्रिन वाढलेलं, पण पेप्सिनोजेन १ पडलेलं नसतं. हा आजार नव्हे, गोळी बंद झाली की हळूहळू जागेवर येतं.

तिखटाचं काय? कांदा-लसूण चटणीनं, खर्ड्यानं किंवा मिसळीनं जळजळ वाढू शकते, ज्याला त्रास होतो त्यानं कमी खावं. पण त्यानं टाइप ए किंवा टाइप बी होत नाही. फार खारट खाणं आणि सिगरेट-बिडी यांचा संबंध जठराच्या कॅन्सरशी आहे, तरी आपल्याकडं शिव्या खातो तो तांबडा रस्साच.

सातवी पायरी: किती पुढं गेलंय

त्यासाठी ओल्गा नावाची पायरी आहे, शून्य ते चार. अँट्रमची ॲट्रोफी आणि बॉडीची ॲट्रोफी तक्त्यावर आडवी-उभी ठेवून स्टेज काढतात. तीन आणि चार म्हणजे कॅन्सरचा धोका जास्त, नियमित एंडोस्कोपी लागते. मेटाप्लेझियावर काढली तर तिला ओल्गिम म्हणतात.

यात एक मेख आहे. बॉडी पूर्ण गेली आणि अँट्रम नॉर्मल असेल तर स्टेज दोनच येते, तक्ताच तसा आहे. म्हणजे टाइप ए चा पेशंट ॲसिड शून्य, बी-१२ शून्य असूनही कागदावर स्टेज दोन. म्हणून टाइप ए वाल्यांनी स्टेज बघून निवांत बसू नये, त्यांच्या तपासण्या वेगळ्या हिशेबानं चालतात. एकच बाटली आली असेल तर स्टेज काढताच येत नाही हे वेगळं सांगायला नको.

आठवी पायरी: पुढं काय

हेलिकोबॅक्टर सापडला तर डॉक्टर बहुधा १४ दिवसांचा कोर्स देतात, दोन-तीन अँटिबायोटिक, पीपीआय, कधी बिस्मथ. तोंड कडू होतं, मळमळतं, तरी मधेच सोडू नका आणि शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून तोच कोर्स मेडिकलमधून आणू नका, आपल्याकडं हा जंतू बऱ्याच औषधांना दाद देईनासा झालाय. कोर्स संपल्यावर निदान ४ आठवड्यांनी, पीपीआय २ आठवडे बंद ठेवून, श्वासाची किंवा शौचाची टेस्ट करून जंतू गेला का बघायचं. ही शेवटची टेस्ट निम्मे लोक करतच नाहीत, बरं वाटलं की विषय संपला.

टाइप ए ला मुळावर औषध नाही, जे कमी पडतंय ते भरायचं. बी-१२ इंजेक्शननं, किंवा काही जणांना रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी चालते, कारण एवढ्या मोठ्या डोसातला एखादा टक्का इन्ट्रिन्सिक फॅक्टरशिवायही शोषला जातो. हे आयुष्यभराचं आहे, मुंग्या थांबल्या म्हणून बंद करायचं नाही. गोळीनं लोह वर येत नसेल तर सलाईनमधून देतात. थायरॉइड तपासून घ्यायचं.

फक्त फोलिक ॲसिड मात्र आपल्या मनानं खाऊ नका. फोलेटचा शोध मुळात आपल्या मुंबईतनं लागला असं म्हटलं तरी चालेल. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईला आल्या, गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा ॲनिमिया बघायला, आणि यीस्टपासून बनवलेल्या मार्माइटनं तो बरा होतो हे त्यांनी दाखवलं. त्यातला घटक पुढं फोलिक ॲसिड निघाला. पण बी-१२ च्या कमतरतेत नुसतं फोलिक दिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं आणि नसा आतल्या आत खराब होत राहतात. रिपोर्ट चांगला दिसतो, माणूस मात्र काठी धरून चालायला लागतो.

ॲट्रोफी बरीच पसरलेली असेल तर साधारण दर ३ वर्षांनी एंडोस्कोपी सांगतात, घरात कुणाला जठराचा कॅन्सर झालेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, अंतर कमी-जास्त करतात. आणि रोजची पीपीआय खरंच पाहिजे का, हा प्रश्न त्याच भेटीत काढा. ॲसिड बनतच नाही हे सिद्ध झालेल्या माणसाला ती बहुतेकदा नकोच असते.

शेवटचं लॅबमधलं. बायोप्सी झाली म्हणजे तुमचा तुकडा संपला असं नसतं, मेणाच्या ब्लॉकमध्ये तो जपून ठेवलेला असतो, स्लाइडपण असतात. जुन्या रिपोर्टवर ‘क्रॉनिक गॅस्ट्रायटिस’ एवढंच असेल आणि आता शंका आली असेल तर लगेच परत नळी गिळायची गरज नाही. बॉडीतला तुकडा आलेला असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन त्याच लॅबमध्ये जा, त्याच ब्लॉकमधनं नवीन सेक्शन कापून गॅस्ट्रिनचा, ईसीएलसाठी क्रोमोग्रॅनिनचा स्टेन लावता येतो, किंवा ब्लॉक घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घेता येतं. जाताना रिपोर्टवरचा बायोप्सी नंबर घेऊन जा, नुसत्या नावानं शोधायला लावू नका, आमच्या रजिस्टरला पाटील आडनावाचं एकेक पान भरतं.